सोजरबाईची बाटली

पुणे, १९ ऑगस्ट १९७६

अक्का,

तुझ्या पत्रातलं अर्धं पान माझ्या लग्नावर खर्ची पडलं होतं. ते मी वाचलंच नाही असं समज. उरलेलं मात्र दोनदा वाचलं. तुझ्या सुनेला, वच्छलाला, पुन्हा दिवस गेले! गेल्या साली चौथ्या महिन्यात पोर गेलं तेव्हापासून ती कशी गप्प गप्प झाली होती ते मी बघितलंय. या वेळी तिला जप. जड उचलू देऊ नकोस. आणि तुझ्या तोंडाचा पट्टा जरा आवर.

आता माझं काम. हसू नकोस, पण मला दुधनीतलं रक्त हवंय.

आपल्या आप्पांचं आठवतं ना? ताप भरला तेव्हा हिवतापवाल्यानं बोट टोचून काचेवर थेंब घेतला, चार गोळ्या दिल्या आणि रिपोर्ट आल्यावर बाकीचं औषध देतो म्हणाला. त्याचा तरी काय दोष? अख्ख्या जिल्ह्यात ताप, काचांचे ढीग, आणि दुर्बिणीवर बसायला माणसं मोजकी. आप्पांचा रिपोर्ट आला तेव्हा आपण त्यांचं दिवसकार्य उरकून भांडी घासत होतो. तो कागद अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

इथल्या प्रयोगशाळेत मी त्याच्याच मागे लागलेय. हिवतापाचा जंतू रक्तात शिरला की आपली काही प्रथिनं रक्तात सांडतो. जंतू दुर्बिणीला दिसो न दिसो, सांडलेलं तरी सापडायला हवं. ते प्रथिन आम्ही सशाला टोचतो. मग सशाचं रक्त त्याला ओळखायला शिकतं. चायना ग्रासची वडी लावतो तशी पातळ वडी काचेवर लावायची, तिला दोन खळगे पाडायचे. एकात सशाच्या रक्ताचं पाणी, दुसऱ्यात माणसाच्या. दोन्ही वडीतून एकमेकांकडे झिरपतात. प्रथिन असेल तर मध्ये पांढरी रेघ उमटते, नसेल तर वडी कोरी राहते. दोन दिवसांत उत्तर.

पण निरोगी माणसाच्या रक्तात रेघ उमटली तर चाचणी खोटी. म्हणून मला दोन्ही हवेत, तापकरी आणि धडधाकट. आमचे सर म्हणतात, दिवाळीपर्यंत काहीतरी दाखवा, नाहीतर ससे दुसऱ्याला द्या. करशील ना एवढं?

तुझी,
हेमा


दुधनी, २७ ऑगस्ट

हेमा,

आशीर्वाद पयला घे, मग बोलनी खा. अगं, मानसं पुन्यास्नं शेंगाची चटनी मागतात, कडक भाकऱ्या मागतात. तू रक्त मागतीस! मी ओट्यावर बसून तुझं पत्र मोठ्यानं वाचत हुते, तर शेजारची सोजरबाई उठून पळालीच की. मग तिला धरून आनली आनि सश्याचं, वडीचं समदं सांगितलं. आता गल्लीभर बोंब झालीय, मायाक्काची भैन पुन्यात रक्ताच्या वड्या करती म्हनून.

पन आप्पाचं नाव काढलंस. मी न्हाय कशी म्हनू? पाठव तुझा मानूस. थंडीतापाचं मानूस हुडकायला लांब जायला नगं, यंदा घरटी येक झोपलाय. आनि धडधाकट म्हनशील तर ही सोजरबाईच की. शेंगाची पोती येकली उतरवती.

वच्छला बरी हाय. बरी म्हंजे, तुझ्यापासनं काय लपवू? तिच्याकडं येक पाव्हना येतो, येक दिवसाआड, दुपार कलली की. त्याचं नाव मी लिहिनार न्हाय. आमच्या सासूबाई सांगायच्या, नाव घेतलं की त्याला घराची वाट सापडती. त्यांचाच तोडगा चालू केलाय. काय त्यो इचारू नगंस, सांगितला की फुटला. तू शिकलेली, तू हसनार. हास.

आनि गोळीचं नाव काढायचं न्हाय. गेल्या साली ह्याच पाव्हन्यापायी चार गोळ्या खाल्ल्या आनि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. गोळी लई गरम. माझ्या सुनेच्या तोंडात पुन्हा गोळी जानार न्हाय, सांगून ठिवते.

मायाक्का


पुणे, २ सप्टेंबर

अक्का,

तुझ्या पाहुण्याचं नाव हिवताप. मी लिहिलं बघ. त्याला वाट सापडायचीच असेल तर पुण्याची सापडू दे, माझ्याकडे येऊ दे.

पोर गोळीनं गेलं नाही गं, तापानं गेलं. पोटुशी बाईच्या अंगात हा जंतू शिरला तर आधी पोराच्या मुळावर उठतो, मग आईच्या. गोळी थोडी उशिरा पोचली एवढंच. तुझ्या पाया पडते, वच्छलाला दवाखान्यात ने.

मी सोलापूरच्या हिवताप कचेरीत लिहिलंय. तिथले धर्मपाल म्हणून आहेत, ते रेल्वेनं दुधनीला येतील आणि बर्फाच्या थर्मासातून बाटल्या माझ्याकडे धाडतील. नेमणूक नवीन आहे, तुमच्या गावात कुणाला ओळखत नाहीत, पण हात हलका आहे. त्यांना सांगितलंय, बाकी कुणाचं राहिलं तरी चालेल, वच्छलाचं रक्त घ्याच. मला ते हवंच आहे.

हेमा


दुधनी, १४ सप्टेंबर

हेमा,

तुझा धर्मपाल येऊन गेला. पोरगा सोन्यासारखा. अंगनात चटई टाकून बसला आनि येकेकाला नाव इचारून रक्त घेतलं. कुनाला दुखलं न्हाय, तरी बोंबलले समदे. मी त्याला भाकरी-पिटलं वाढलं, तर "आक्का, तुमची भैन म्हनली हुती तुमी मला हाकलून द्याल" म्हनतो. काय काय सांगतीस गं लोकांना?

धडधाकट मानसं मी दाखवली. सोजरबाईचं रक्त त्यानं तिच्या घरी जाऊन परस्पर घेतलं, मी च्या टाकत हुते. येवढी दांडगी बाई, पन सुईला लई भिती, म्हनून मला वाटलं आरडल. हूं न्हाय का चूं न्हाय. मला तर नवल वाटलं.

वच्छला मातर मी त्याच्या नजरंला पडू दिली न्हाय. सारखा इचारत हुता. मी म्हनलं, म्हायेरी गेलीय मंद्रूपला. खोटं बोलले. तू रागवशील, रागव. पोटुशीच्या अंगातनं रक्त काढत्यात व्हय?

आनि त्याची गरज बी न्हाय आता. तोडगा लागला! पाव्हना गेला. वच्छलाच मला म्हनली, "अत्ती, आता काय हुत न्हाय." शिवानं ऐकलं बग.

मायाक्का


पुणे, ३० सप्टेंबर

अक्का,

रागावले होते, पण वच्छलाचा ताप गेला हे वाचून राग अर्धा झाला. अर्धाच. हा ताप आपला आपण जातो आणि आपला आपण परत येतो, हे ध्यानात ठेव.

आता ऐक. तुझ्या तापकऱ्यांच्या बाटल्यांत रेघ उमटली! सगळ्यांत नाही, पण बहुतेकांत. पहिली रेघ दिसली तेव्हा मी खुर्चीवर चढून काच खिडकीच्या उजेडात धरली आणि वेड्यासारखी हसले. धडधाकटांच्या वड्या कोऱ्या. एक सोडून.

सोजरबाई.

तिच्या बाटलीत अशी ठसठशीत रेघ आहे की लांबून दिसावी. मी पुन्हा लावून बघितली, पुन्हा तेच. सर म्हणाले, "निरोगी बाईत रेघ येते, मग तुमचा ससा कशाशीही भांडतोय." अक्का, तिला खरंच कधी ताप नव्हता? नीट विचार. तिचं रक्त पुन्हा घ्यायला धर्मपालना पाठवतेय. या एका बाटलीवर माझं सगळं अडलंय.

हेमा


दुधनी, ८ ऑक्टोबर

हेमा,

सोजरबाईला ताप? अगं, तिला बगून ताप पळून जाईल. तुझं पत्र घेऊन मी तिच्या दारात गेले आनि वाचून दाखवलं. तर तोंड लपवून कामाला लागली. म्हनलं, का गं, काय दुखतंय का तुझं? तर म्हनती, "मला काय धाड भरलीय!" आनि जी रानात गेली ती दिवे लागल्यावरच आली.

धर्मपाल आला तवा मात्र काय तमाशा! दोगींनी धरली तरी हात दिना. मी म्हनलं, पयल्या खेपंला गुपचूप दिलंस, आता का वराडतीस? तर रडायलाच लागली की. शेवटाला दिलं कसंबसं. धर्मपाल म्हनला, गेल्या खेपंला पदर खाली वढून बसल्या हुत्या, आज तोंड दिसलं. आमी हसलो.

वच्छलाला चौथा लागला. मी रोज शिवाला हात जोडते, येवढा महिना पार पडू दे. जरा वाळलीय, तोंड पिवळं दिसतं, पन आता ह्या दिवसांत तसंच असतं. लई थंडी वाजती म्हनती आनि चुलीपासनं हलत न्हाय. पोटुशीला ऊब बरी वाटती. सिद्राम शनवारी सोलापूरच्या गिरनीतनं आला तर जेवताना सारखा बायकूकडंच बगत हुता. बापड्याला काळजी. मी म्हनलं, आई हाय की घरात.

मायाक्का


पुणे, १७ ऑक्टोबर

अक्का,

सोजरबाईची दुसरी बाटली कोरी निघाली.

मला आनंद व्हायला हवा होता, पण उलटंच झालं. सर म्हणाले, "एकाच बाईची एक बाटली हो म्हणते, एक नाही म्हणते. मधे औषध नाही, ताप नाही. अशा चाचणीवर कुणाचा जीव सोपवायचा?" दिवाळीनंतर ससे दुसऱ्या खोलीत जातील. मला काविळीच्या कामावर घेतलंय.

तुला सांगते, त्या पहिल्या काचेकडे बघितलं की अजून पटत नाही. ती रेघ म्हणते, ज्या बाईचं हे रक्त आहे तिच्या अंगात हिवताप आहे, भरपूर आहे, आणि आज औषध नाही दिलं तर उद्या अवघड आहे. इतकं स्पष्ट म्हणते. पण ती बाई तर पोती उतरवतेय! म्हणजे माझी रेघ खोटी आणि मी मूर्ख.

आप्पांना मी मनातल्या मनात शब्द दिला होता. तो काही पाळता येत नाही. काल वसतिगृहात येऊन पोटभर रडले. दिवाळीला येईन. पुरणपोळी कर आणि माझ्या लग्नाचं काय ते अर्धं पान तोंडीच ऐकव. या खेपेला ऐकून घेईन.

हेमा


सोलापूर, २१ ऑक्टोबर

हेमा,

हे पत्र मी सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते. कागद मांडीवर ठिवलाय, अक्षर लागलं तर वाच. तार काल केलीच हाय, पन तारंत काय मावतंय?

तुझं पत्र आलं. मी चुलीपाशी बसून मोठ्यानं वाचत हुते. वच्छला भाकरी थापत हुती. "ज्या बाईचं हे रक्त हाय तिच्या अंगात हिवताप हाय" हितंवर आले आनि परातीत काय तरी आपटलं. बगते तर पोरीचा हात पिठात तसाच, आनि डोळ्यांतनं धारा. म्हनली, "अत्ती, ते रक्त माझं हाय."

हेमा, आता तोडगा सांगते. फुटला तर फुटू दे, मेला. आमच्या सासूबाईचा तोडगा असा, की पाव्हन्याची पाळी असंल त्या दिवशी बाईनं आपल्या घरात ऱ्हायचं न्हाय. सकाळीच दुसऱ्या बाईच्या घरी जायचं, तिचं लुगडं नेसायचं आनि दिवस मावळंपतुर तिचंच नाव लावायचं. कुनी हाक मारली तर त्याच नावाला ओ द्यायची. ताप दारात येतो, नाव इचारतो, ते मानूस न्हाय म्हनून माघारी जातो. मी वच्छलाला सोजरबाईच्या घरी बसवायचे. सोजरबाई रानात, वच्छला तिच्या लुगड्यात.

धर्मपाल आला त्यो दिवस नेमका पाळीचा. सोजरबाई रक्त द्यायला घरी थांबनार हुती, म्हनून वच्छलाला तिथल्याच आतल्या खोलीत बस म्हनलं हुतं मी; पन ती बया सुईला भिऊन मला न सांगताच रानात पळाली. हा पठ्ठ्या सरळ सोजरबाईच्या दारात गेला आनि म्हनला, "सोजरबाई तुमीच का?" आता पोरीनं काय करावं? न्हाय म्हनली तर तोडगा मोडतो. पदर वढला, व्हय म्हनली आनि हात फुडं केला. संध्याकाळी पोरीनं सोजरबाईला सांगितलं, तर ती उलट खूश, आपली सुई वाचली म्हनून. दोगी बी गप. पोरीला वाटलं, मावशीला रक्ताशी कारन, कुनाचं का असंना.

आनि ताप गेलाच नव्हता, हेमा. माझ्या तोंडावर आनंद बगितला म्हनून पोर म्हनली, काय हुत न्हाय. तिला बी गोळीचं भ्या. थंडी भरली की चुलीत लाकडं सारायची आनि दात दाबून बसायची. आनि मी, दोन डोळ्यांची बाई, ऊब बरी वाटती म्हनून तुला लिहिलं! मला माझीच लाज वाटती गं. त्या तापाला समदं गाव फसलं असंल, तुझी ती येवढीशी रेघ न्हाय फसली. नाव कुनाचं बी लावलं तरी तिनं बाई बरूबर वळखली.

मी भाकऱ्या तव्यावर तशाच टाकल्या. सोजरबाईनं वच्छलाला उचलून टेसनावर नेली, खरंच उचलून. सिद्राम टेसनावर आला हुता. हितल्या डाक्टरनं बोटातलं रक्त बगितलं, काय दिसंना. मी म्हनलं, सायब, पुन्यात माझ्या भैनीला दिसलंय, तुमी परत बगा. परत घेतलं आनि लई वेळ बगत बसला. मग उठून आला आनि म्हनला, "हाय. थोडकं दिसतंय, पन हाय."

गोळी मी माझ्या हातानं दिली. डाक्टर म्हनला, पोटातल्याला ह्या गोळीनं काय हुत न्हाय, तापानं हुतं. अगदी तुझंच बोलनं. आता दिवाळी हितंच. तू ये.

अक्का


पुणे, २३ ऑक्टोबर

अक्का,

तुझं पत्र आज मिळालं, तार परवा दुपारीच आली. "पहिली बाटली वच्छलाची. सोलापूर दवाखान्यात. हिवताप." ती तार हातात घेऊन मी सरांच्या खोलीत गेले, दार न वाजवता. सरांनी वाचली, मग पुन्हा वाचली. त्यांनी ती जुनी काच मागवली, खिडकीशी नेली आणि उजेडात वळवून वळवून बघितली. मग म्हणाले, "बाई, ससे इथेच राहू देत."

तू उगाच माझी रेघ डोक्यावर घेऊ नकोस. एका बाटलीनं चाचणी होत नाही. शेकड्यांनी बाटल्या लागतील, चुका निघतील, कदाचित माझे केस पिकतील. पण खोटी ती नव्हती, एवढं कळलं. मला एवढंच पुरे.

आणि लाज कसली वाटून घेतेस? तुझ्यापाशी जे होतं त्यानं तू तिला झाकायला बघितलंस. मीसुद्धा तिचं रक्त द्या द्या म्हणून तुझ्याशी भांडले आणि ते माझ्याच टेबलावर होतं. तिची बाटली हातात धरून मी तिला खोटी म्हणत होते. शिकलेली मी!

उद्या रात्रीच्या गाडीनं निघतेय. वच्छलाला म्हणावं, मावशी येतेय, सुई आणत नाही.

हेमा


दुधनी, ११ नोव्हेंबर

हेमा,

तू गेलीस आनि घर मोकळं वाटायला लागलं. तुझी ती निळी शाल हितंच ऱ्हायली, ती आता वच्छलाची झाली असं समज.

गोळ्या संपल्या. डाक्टर म्हनला घरी न्या. पन मला खरं वाटंना. काल पाळीचा दिवस मोजला. सोजरबाई दारात आली, म्हनली, "आक्का, लुगडं देऊ का?" मी म्हनलं, नगं. आज ती आपल्याच घरात, आपल्याच लुगड्यात बसंल.

मग मी काय केलं सांगू? तू हसशील. हास. ओट्यावर बसले आनि दिवसभर तिला नावानं हाका मारल्या. वच्छला, पानी दे. वच्छला, शेंगा निवड. वच्छला, हितं ये, काय न्हाय, उगंच बोलावलं. समद्या गल्लीला ऐकू जाईल अशा. येनाऱ्याला ऐकू जायचं तर जाऊ दे म्हनलं, आज आमी कुनाचं नाव उसनं घेतलं न्हाय, ये आनि बग. दुपार कलली. मधनंच जाऊन तिच्या कपाळाला हात लावायची, तर ती म्हनायची, "अत्ती, हात तुमचाच गार पडलाय."

ऊन भिताडावरनं उतरलं. आला न्हाय त्यो.

दिवा लावताना सोजरबाई पुन्हा आली. कमरंवर हात ठिवून म्हनली, "मग, माझं नाव मोकळं झालं का? पुन्यापतुर बदनाम केलं मला." मी म्हनलं, झालं बाई, घे तुझं तुला. आमी दोगी हसलो आनि हसता हसता रडलो.

तेवढ्यात आतनं वच्छलानं काय तरी आवाज केला. मी वरडले, "वच्छला!"

"ओ," म्हनली. "अत्ती, पळत या. हात लावून बगा. पोर हललं."

अक्का